भिकन न्यायप्रविष्ट आहे

२६ जून

साहेबांच्या हातात कोणी माईक देऊ नये. निदान मी लिहिलेला कागद दुसऱ्या हातात असल्याशिवाय तरी देऊ नये.

परवा वाळूजच्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला. शेड कोसळलं ते नेमकं सांडपाण्याच्या हौदावर. कंपनीनं संध्याकाळीच सांगून टाकलं की काही जण जखमी आहेत, पण मेलं कोणी नाही. फक्त ठेकेदाराचा एक माणूस घरी परतलेला नाही. भिकन त्याचं नाव, मूळचा पिशोरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. बायको म्हणते, तो हौद साफ करायला खाली उतरला होता. कंपनी म्हणते, त्या दिवशी तो कामावरच नव्हता. नवरा बायकोला न सांगता कुठं निघून गेला तर त्याला कंपनी काय करणार?

आज बजाजनगरात कामगारांची सभा होती. मेलं कोणी नाही म्हटल्यावर साहेब निर्धास्त गेले. राज्यसभेच्या खासदाराला निवडून यायला लोक लागत नाहीत, पण टाळ्या लागतात. भाषण रंगात आलं असताना ती बायको स्टेजवर चढली. सत्यशीला. बुटकी, काटक, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. माईकजवळ येऊन म्हणाली, "हौद उघडा. दुसरं काय मागत नाय मी." सगळे कॅमेरे तिच्याकडे वळले आणि ते साहेबांना सहन झालं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, हौद का उघडला नाही, ते मी संसदेत विचारणार."

टाळ्यांचा पाऊस पडला. मी मागे उभा राहून कपाळाला हात लावला. कारण कंपनीचे मालक राजेंद्रशेठ म्हणजे साहेबांचे व्याही. साहेबांची एकुलती एक मुलगी त्यांच्या घरात दिलेली आहे.

गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "इंद्रजीत, जरा जास्तच झालं का रे?"

मी म्हणालो, "टाळ्या चांगल्या होत्या, साहेब."

१ जुलै

राजेंद्रशेठ सकाळीच बंगल्यावर. चहा घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाले, संसदेतलं ते काढून टाका. साहेब म्हणाले, आता माघार घेतली तर चॅनलवाले माझी सालटी काढतील, ते भाषण अजून मोबाइलवर फिरतंय.

"मग हौदच उघडू या," मी आपलं गमतीनं म्हणालो.

राजेंद्रशेठ फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उघडण्यासारखा असता तर मी इथं आलो असतो का?"

 समजायचं ते समजलं होतं आणि समजलेलं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, प्रश्न आपण मारायचा नाही, तो आपोआप मेला पाहिजे. नियम असा आहे की जे प्रकरण कोर्टापुढे चालू आहे, त्यावर सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. सभागृहानं कोर्टाच्या कामात नाक खुपसायचं नाही. त्याला एक शब्द आहे, न्यायप्रविष्ट. तो शब्द एकदा चिकटला की प्रश्न दारातच अडतो. आपण प्रश्न द्यायचा, चांगला वाजतगाजत द्यायचा. मग कोणीतरी कोर्टात जायचं.

"कोण जाणार?" साहेबांनी विचारलं.

"ती बाईच जाईल. मी पाठवतो."

 साहेबांनी किटलीतला चहा स्वतःच्या हातानं कपात ओतून माझ्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. दिल्लीच्या ऑफिसातली जागा डिसेंबरात रिकामी होते आहे. साहेब त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण चहा बोलला.

४ जुलै

प्रश्न तयार केला. कंपनीचा परवाना केंद्राचा असल्यामुळे दिल्लीत विचारायला अडचण नाही. (अ) सदर कंपनीच्या आवारात सांडपाण्याचा हौद आहे, हे खरे आहे काय? (आ) असल्यास, दुर्घटनेनंतर तो उघडून पाहण्यात आला काय? (इ) नसल्यास, त्याची कारणे काय?

खरं सांगतो, इतका नेमका प्रश्न मी आजवर लिहिला नव्हता. मारायच्या बोकडाला लोक चांगलं खाऊ घालतात, तसं झालं. साहेबांनी कागद हातात धरून फोटो काढून घेतला आणि तो सगळीकडे पाठवला.

घरी प्रेरणाला दाखवला. ती शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझ्या कागदावर लाल पेन घेऊनच बसते. आज एकही चूक काढली नाही. म्हणाली, "अहो, हे चांगलं काम करताय तुम्ही." बायकोनं चांगलं म्हणावं असं वर्षातून फार तर एकदा होतं. बरं वाटलं.

८ जुलै

वकील कोणता द्यायचा यावर मी दोन दिवस विचार केला. आपला माणूस दिला असता तर वास आला असता. म्हणून करुणा मॅडमकडे गेलो. तरुण आहे, प्रामाणिक आहे, गरिबांच्या केसेस जीव ओतून लढते. तिच्यावर कोणी संशय घेणार नाही आणि तिलाही येणार नाही.

सत्यशीलाला आणायला बजाजनगरला गेलो. पत्र्याची एक खोली, दारात भिकनची सायकल. सासू म्हाळसाबाई कोपऱ्यात बसून होती, जन्म मेंढरांमागे गेलेला, पायाला चपला नुसत्या नावाला. सत्यशीलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब तिकडं विचारणारेत ना? मंग कोर्ट कशापायी?"

बाई दिसते तितकी भोळी नाही. मी म्हणालो, "ताई, दोन्हीकडून जोर लावायचा. एका दारानं नाही झालं तर दुसरं दार उघडं असतं."

तिला पटलं. माणूस बुडायला लागला की दोन दोर दिसले तर दोन्ही धरतो. करुणा मॅडमच्या टेबलावर तिनं सही केली, सत्यशीला भिकन, आणि नवऱ्याच्या नावाशी जरा थांबली. बाहेर आल्यावर पदराच्या गाठीतला खंडोबाचा भंडारा काढला आणि माझ्या कपाळाला लावला. "भाऊ, तुमी नसता तर आमाला कोणी उभं केलं नसतं," म्हणाली.

तसाच पिवळ्या कपाळानं ऑफिसात गेलो. साहेब पोट धरून हसले. मग मीही हसलो.

१६ जुलै

याचिका दाखल झाली, नंबर पडला. तो नंबर मी स्वतःच दिल्लीला सचिवालयात कळवला. नाहीतर त्यांना कसं कळणार? माहिती वेळेवर देणं हे जबाबदार कार्यालयाचं लक्षण आहे.

२४ जुलै

आलं. "विषय न्यायप्रविष्ट असल्याने प्रश्न स्वीकारता येत नाही." मी ते दोनदा वाचलं. आपलं काम असं टाईप होऊन, शिक्का मारून परत येतं तेव्हा जे वाटतं ते लेखकांना पुस्तक छापून आल्यावर वाटत असावं.

साहेबांनी चॅनलवाल्यांना बोलावलं. चेहरा पाडून म्हणाले, "मी विचारणारच होतो. पण माझे हात बांधले गेले आहेत. न्यायालयाचा मान राखणं हे लोकप्रतिनिधी म्हणून माझं कर्तव्य आहे." शेवटचं वाक्य माझं.

दुपारी सत्यशीलाचा फोन. "भाऊ, टीव्हीवर बोलले ते खरं व्हय? आमच्या केसमुळं साहेबांचा प्रश्न मेला?"

"मेला नाही ताई, थांबला."

"मी सही केली म्हणून थांबला."

मी म्हणालो, तसं नसतं, ती प्रक्रिया असते.  फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. तर म्हणाली, "ऐकायलेय." बायका उगाच एकेक गोष्ट मनाला लावून घेतात.

६ ऑगस्ट

आज कोर्टात सुनावणी होती, मी मागच्या बाकावर. करुणा मॅडम छान बोलल्या. हौद आजच्या आज उघडा म्हणाल्या. कंपनीचे वकील म्हणाले, त्यात कोणी नाही. सरकारी वकील म्हणाले, खासदारांनी हा विषय राज्यसभेच्या याचिका समितीकडेही दिलेला आहे, तिथं काय होतं ते बघायला वेळ द्यावा. (समितीकडे अर्ज द्यायची कल्पना कोणाची, हे इथं लिहायची गरज नाही.) कोर्टानं वेळ दिला आणि तोवर सगळं जैसे थे ठेवायला सांगितलं. म्हणजे हौद कोणी बुजवायचा नाही आणि कोणी उघडायचाही नाही.

करुणा मॅडमना हे अर्धं यश वाटलं. सत्यशीलानं विचारलं, "जैसे थे म्हंजी तो आतच ऱ्हायाचा?" मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

१४ ऑगस्ट

समितीचं उत्तर आलं. विषय न्यायप्रविष्ट असल्यामुळे समितीला विचार करता येत नाही. कोर्ट समितीकडे बघतंय, समिती कोर्टाकडे बघतेय, आणि दोघंही एकमेकांचा मान राखून बसले आहेत. मी हे जेवताना प्रेरणाला मोठ्या रंगानं सांगितलं.

तिनं विचारलं, "आणि तो माणूस?"

"कोणता?"

"हौदातला."

"हौदात माणूस आहे, हे अजून सिद्ध व्हायचंय."

ती ताट घेऊन उठली. तिचं जेवण अर्धंच झालं होतं. हल्ली तिला ॲसिडिटी होते बहुतेक.

१९ ऑगस्ट

ऑफिसात म्हाळसाबाई येऊन बसली. सुनेला न सांगता बजाजनगरहून उस्मानपुऱ्यापर्यंत चालत आली म्हणे. एकच पालुपद. "माझ्या भिकनचं काय झालं?" मी कामात, समोर माणसं बसलेली. शिपाई तिला उठवायला लागला, तर मी म्हणालो राहू दे, म्हातारं माणूस आहे.

"आजी, भिकन आता न्यायप्रविष्ट आहे."

"कुठं हाय?"

"न्यायप्रविष्ट. म्हणजे कोर्टात."

ती ताडकन उभी राहिली. "कोर्टात हाय व्हय? आन् मला कोणी बोललं नाय. काय गुन्हा केला त्यानं?"

समोरचे लोक हसायला लागले. तेवढ्यात दिल्लीचा फोन वाजला. मी घाईत म्हणालो, "गुन्हा काही नाही. कोर्टाच्या ताब्यात आहे आता, आपल्याला हात लावता येत नाही. कोर्ट सोडेल तेव्हा सुटेल."

"खायाला घालत्यात का त्याला?"

फोन कानाला लावताना मी मान हलवली. मान कशीही हलवली तरी माणसं आपल्याला हवा तो अर्थ काढतात. म्हातारीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "जिता हाय," असं मला नाही, भिंतीला सांगितलं आणि गेली. नंतर लोक बराच वेळ हसत होते. मी चारचौघांत गंमत चांगली करतो, हे पुष्कळ जणांनी सांगितलेलं आहे.

३ सप्टेंबर

गंमत वाढली. म्हाळसाबाई रोज जालना रोडवर हायकोर्टासमोर जाऊन बसते. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधलेला. काळा कोट दिसला की विचारते, "माझा भिकन कुठल्या खोलीत हाय?" पहिल्या दिवशी रडारड फार झाली, म्हणून तिथल्या टपरीवाल्यानं भाकरी घेतली आणि म्हणाला, आजी, देतो मी आत. तेव्हापासून रोज तो भाकरी घेतो. दुसऱ्या दिवशी ती विचारते, खाल्ली का, आणि तो सांगतो, खाल्ली. तो खोटं बोलत नाही, फक्त कोणी खाल्ली ते सांगत नाही.

बंगल्यावर जेवताना हे सांगितलं. साहेबांना ठसका लागला. राजेंद्रशेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी घास तसाच धरून विचारलं, "ती त्याची सख्खी आई ना? आणि आई म्हणते की मुलगा जिवंत आहे?"

साहेबांचं हसू हळूहळू थांबलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, या घरात मी आता नोकर राहिलेलो नाही.

१२ सप्टेंबर

सत्यशीला आली. कपाळावर भाजल्याचा डाग, एका हातात बांगड्या आणि दुसरा हात मोकळा. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. फोडायला बसली तेव्हा सासूनं दुसरा हात धरला.

"पितरं बसली, भाऊ. मी म्हणलं, यंदा त्यांच्या नावानं पान मांडावं. हौद उघडंल तवा उघडंल, तवर उपाशी तर नाय राह्यचे. आत्याबाईनं चुलीवरचा तापला तवा फेकून मारला. म्हणल्या, जित्या नवऱ्याचं पितर घालती, तुला दुसरा करायचा हाय. मला घराभाईर काढलं. गल्लीतल्या बाया बी तेच म्हणायल्या, नवरा कोर्टात आन् ही त्याला मेला म्हणून केस लढायली."

मी म्हणालो, वाईट झालं.

"त्यांना कोण बोललं, तो कोर्टात हाय म्हणून?"

"मला काय माहीत?"

"त्या तुमचंच नाव घेत्यात." तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "भाऊ, माझं त्या ऐकत नायत. तुमचं ऐकतील. तुमी एकदा फक्त सांगा, तो हौदात हाय. मंग मला घरात नाय घेतलं तरी चालंल. पण त्या रोज भाकरी घेऊन जात्यात, ते बघवत नाय."

मी विचार केला. खरंच केला, इथं खोटं कशाला लिहू? मग म्हणालो, "ताई, प्रकरण न्यायप्रविष्ट असताना माझ्यासारख्यानं असं काही बोलणं बरोबर नाही." नियमानं पाहिलं तर हे अगदी खरं आहे.

ती गेल्यावर छातीत जळजळ झाली. ताक प्यायल्यावर थांबली.

२५ सप्टेंबर

म्हाळसाबाईला आणायला मीच गेलो. गाडीत सीटवर बसेना, मळंल म्हणाली. सीटपुढे खाली पायांपाशी बसली आणि मान उंचावून काचेतून कोर्टाकडे बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

कंपनीच्या वकिलांनी शपथपत्र तयार ठेवलं होतं. माझा मुलगा भिकन जिवंत आहे, तो मयत असल्याचे माझ्या सुनेचे म्हणणे मला मान्य नाही. वाचून दाखवलं, तिनं एकेका वाक्याला मान डोलावली. शेवटी विचारलं, "हे दिल्यावर सुटंल का?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुटेल," मी म्हणालो.

तिनं अंगठा इतका जोरात दाबला की शाई पसरली, दुसरा कागद घ्यावा लागला. तिची ओळख पटवणारा म्हणून कोणाची तरी सही हवी होती. वकील म्हणाले, तुमचीच बरी. साहेबांना फोन लावला, तर म्हणाले, "इंद्रजीतची सही म्हणजे माझीच समजा." छाती भरून आली. साहेबांचं नाव मात्र मी कुठल्याही कागदावर येऊ दिलं नाही. सगळीकडे माझंच आहे. याला कसब लागतं.

९ ऑक्टोबर

निकाल लागला. शपथपत्र पुढे आल्यावर काय उरणार होतं? बायको म्हणते मेला, आई शपथेवर सांगते जिवंत आहे. कोर्टानं म्हटलं, हा वस्तुस्थितीचा वाद आहे, तो इथं ठरणार नाही. हरवल्याची तक्रार पोलिसांत द्या. याचिका निकाली, जैसे थे उठलं. करुणा मॅडमनी वरच्या कोर्टात जाईपर्यंत तरी हौद तसाच ठेवा, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी मला गाठलं. "शपथपत्रावर तुमची सही आहे."

"हो."

"तिला माझ्याकडे तुम्हीच घेऊन आला होतात."

"कोर्टाचा निकाल आहे, मॅडम. आपण मान राखला पाहिजे."

 मॅडम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागल्या. नाडी सुटलेली नव्हती.

फाटकाबाहेर म्हाळसाबाई. "निकाल लागला म्हंत्यात. सुटला का?" आता हिला कुठं समजावत बसू? म्हणालो, सुटला, पण कागद दिल्लीला जाऊन यायचे आहेत. तिनं रस्त्यातच माझ्या पायावर डोकं ठेवलं. लोक बघत होते, मला अवघडल्यासारखं झालं.

११ ऑक्टोबर

काल सकाळीच हौदावर काँक्रीट पडलं. सत्यशीला गेटवर होती. मिक्सरची गाडी आत वळताना ती गाडीपुढे आडवी झाली. चौघांनी तिला उचलून बाजूला केलं. तिनं एकाच्या हाताला चावा घेतला, म्हणून कामात अडथळा आणल्याची केस झाली. तिला तारीख मिळाली आहे. साहेबांना म्हणालो, नवरा नाही, पण बायको खरोखरच न्यायप्रविष्ट झाली. साहेब इतके हसले की डोळे पुसावे लागले.

हेच घरी प्रेरणाला सांगितलं. तर म्हणाली, "तुम्ही हे असं किती दिवस हसत सांगताय, ते तुम्हाला माहितीये का?" मला प्रश्न कळला नाही. संध्याकाळी ती कन्नडला माहेरी गेली. दिवाळी आहे जवळ, जायचंच होतं तिला.

१८ नोव्हेंबर

दिल्लीची ऑर्डर हातात आली. प्रेरणाला फोन केला, तर म्हणाली, तुम्ही जा. शाळेच्या परीक्षा आहेत म्हणे. दिल्लीचं घर लहान मिळणार, म्हणून रुसली असावी. मोठ्या घराचं बघू पुढे.

आज साहेबांना सांगितलं, प्रकरण आता कोर्टात राहिलेलं नाही, तेव्हा तुमचा प्रश्न आता विचारता येतो. साहेब आधी दचकले. मग त्यांना कळलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

११ डिसेंबर

प्रश्न लागला, आणि उत्तरही आलं. एक अक्षर न बदलता तोच प्रश्न. (अ) सदर कंपनीच्या आवारात सांडपाण्याचा हौद आहे, हे खरे आहे काय? उत्तर, नाही. (आ) आणि (इ), प्रश्न उद्भवत नाही.

उत्तर खोटं नाही. तिथं आता गाड्या उभ्या राहतात.

साहेबांनी चॅनलवर सांगितलं, मी शब्द दिला होता, तो पाळला. दिल्लीतून उत्तर आलं आहे. मी समाधानी आहे.

१४ डिसेंबर

हे विमानतळावर बसून लिहितो आहे. सामान गेलं, चहा मिळाला.

येताना हायकोर्टाजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. रस्त्यावर गर्दी नव्हती. म्हाळसाबाई पलीकडच्या फुटपाथवर एकटीच. मला पाहिलं आणि गाड्या न बघता धावत आली. हातात पिशवी, पिशवीत नवा शर्ट, टाचण्यांसकट.

"दिल्लीचं आलं ना, साहेब? टपरीवाल्यानं मोबाइलात दावलं. तुमचे साहेब बोलायले व्हते."

"आलं."

"मंग आज सोडत्यात?" तिनं गाडीची काच दोन्ही हातांनी धरली. "आन् कोणच्या दारानं काढत्यात? दारं लई हायेत. मी हितं बसायची आन् तो तिकडून निघून जायाचा. त्याला बजाजनगरचं घर सापडायचं नाय, आमी खोली बदलली. सुनंला बी सांगावा धाडलाय. म्हणलं, ये बाई, चुकलं माझं, चुडा भरून ये."

सिग्नलला अजून वेळ होता. खरं सांगायचं असतं, तर तेवढ्या वेळात सांगून झालं असतं. करुणा मॅडम अजून वरच्या कोर्टात जायचं म्हणतात, आणि शपथपत्रावर सही माझी आहे.

"मागच्या दारानं," मी म्हणालो.

ती पळत सुटली. या वयात माणूस इतकं पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. एक चप्पल रस्त्यातच राहिली, तिनं मागं वळून पाहिलं नाही. शर्टाची पिशवी तेवढी छातीशी धरली होती.

गाडी सुरू करताना ड्रायव्हर म्हणाला, "आज रविवार हाय, साहेब. आत कोणीच नसतं."

मी काच वर करून घेतली.